दार धरून

वसतिगृह, ३ ऑगस्ट

आत्या,

फोनवर तुझं अर्धं लक्ष करवतीकडे, अर्धं गिऱ्हाइकाकडे, आणि उरलेल्या कानाला ऐकू येत नाही. म्हणून पत्र. तू हसशील, पण मला पत्र लिहायला आवडायला लागलंय.

निघताना बाबांनी विचारलं होतं, मानवशास्त्र म्हणजे नक्की करतात काय. तेव्हा मी त त प प केलं. आता सांगते. विषय एकच, माणूस, पण तो चार बाजूंनी धरायचा. एक बाजू शरीराची: हाडं, दात, कवट्या, आपण कुठून आलो आणि कसे बदललो. दुसरी जमिनीखालची: जे लोक गेले त्यांनी मागे काय ठेवलं. तिसरी भाषेची. चौथी म्हणजे माणसं एकत्र कशी राहतात, रोज काय करतात, आणि का करतात ते त्यांना स्वतःलाच कसं सांगता येत नाही. आमच्या बाई म्हणतात, हे चार कप्पे तुमच्या अभ्यासाच्या सोयीसाठी आहेत, माणूस काही चार कप्प्यांत जगत नाही.

हाडांच्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि खण ओढले की आतलं सगळं हलकेच खुळखुळतं. पहिल्या दिवशी मी नाक धरून उभी होते. आता तिथेच बसून डबा खाते.

कामाचं असं. बाईंनी पहिला निबंध दिला आहे: परक्या माणसाच्या नजरेने आपलं घर बघा. मला काही सुचेना, कारण आपल्या घरात बघण्यासारखं आहे काय? पण माझ्या खोलीत एक मुलगी आहे, रसायनशास्त्राची. मी तिला रसायनबाई म्हणते. परवा तिने मला विचारलं, तू दार उघडून बाजूला कुणासाठी उभी राहतेस? मी म्हटलं, सगळेच राहतात. ती म्हणाली, कुणीही राहत नाही.

मग मी दोन दिवस वसतिगृहाच्या जिन्यात बसून बघितलं. खरंच कुणी राहत नाही. लोक दार उघडतात आणि सरळ आत जातात. आपण मात्र दार उघडतो, अंग चोरून कडेला होतो, जरा थांबतो आणि मग आत जातो. तू, बाबा, आई होती तेव्हा तीसुद्धा. मला वाटायचं, दार उघडणं म्हणजे हेच.

तर सांग, आपण असं का करतो? कुणी सुरू केलं? नीट आठवून लिही, मला चांगले गुण हवे आहेत.

तुझी धाकटी


दुकान, १२ ऑगस्ट

धाकटे,

एवढे पैसे भरून तुला दारं उघडायला शिकवतात होय? इथे फुकट शिकवलं असतं.

दाराचं विचारलंस. त्यात काही नाही. पूर्वी घरात एक मांजर होतं. दार उघडलं की पायात यायचं. एकदा तुझे बाबा अडखळून पडले, तेव्हापासून आधी मांजर जाऊ द्यायचं असं ठरलं. मांजर गेलं, सवय राहिली. एवढंच आहे, त्यावर निबंध काय लिहिणार? त्यापेक्षा आपल्या फ्रेमच्या दुकानावर लिही. काच कशी कापतात, पट्टीचे कोपरे कसे जुळवतात, मागून खाकी कागद का लावतात, पाहिजे तेवढं सांगते. सध्या एका शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांच्या तसबिरी आल्या आहेत. सगळे एकजात रागावलेले. दिवसभर त्यांच्या नजरेखाली काम करायचं म्हणजे मलाच गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं.

हाडांत बसून जेवत जाऊ नकोस. त्या रसायनबाईला सांग, दुसऱ्याच्या चालीरीतींकडे इतकं बघू नये.

बाबा बरे आहेत. पेट्रोल पंपावर आठवडाभर रात्रपाळी होती, त्यामुळे चिडचिडे झाले आहेत.

आत्या


वसतिगृह, २६ ऑगस्ट

आत्या,

मांजराचं मी बाबांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, कुठलं मांजर? मग घाईघाईने म्हणाले, हो, होतं एक. बाबांना खोटं बोलता येत नाही, हे तुलाही माहीत आहे. तेव्हा ती गोष्ट मी बाजूला ठेवली.

या आठवड्यात आम्हाला उत्खनन शिकवायला घेतलं. सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. हजारो वर्षांपूर्वी कुणी लाकडी खांब पुरून घर बांधलं. लाकूड कुजून गेलं, घर गेलं, नावनिशाणी नाही. पण खांब जिथे होता तिथली माती आजही वेगळ्या रंगाची असते, गोल डागासारखी. खोदणारा ते डाग जुळवतो आणि घर कुठे होतं ते सांगतो. बाई म्हणाल्या, जे उरलंय ते कुणीही बघेल, तुम्ही जे नाही त्याची जागा बघायला शिका.

मी डोळे मिटून आपलं घर तसं बघितलं. फ्रेम करणाऱ्या बाईचं घर, आणि भिंतीवर एक फोटो नाही. माझा शाळेत जायच्या आधीचा एकही फोटो मी पाहिलेला नाही. दाराशेजारी दोन खुंट्या आहेत, शेजारी शेजारी आणि इतक्या खाली की त्यांच्यावर काही अडकवायला वाकावं लागतं. छत्र्यांसाठी असतील असं धरून चालले आहे.

आणि मग मला लख्ख कळलं. आपण आतोबांना वाट देतो ना? तुझा नवरा माझ्या जन्माआधी गेला आणि तू बाबांकडे राहायला आलीस, एवढंच मला माहीत आहे. त्यांच्याबद्दल तू कधी बोलत नाहीस. पण घर त्यांना विसरलेलं नाही, दारात त्यांचा मान ठेवतं. फोटो नाहीत, कारण तुला बघवत नाहीत. सगळं बरोबर बसतंय. बाईंना मी थोडक्यात सांगितलं, तर त्या म्हणाल्या, हा निबंध विभागापुढे वाचून दाखव. आत्या, पहिल्या वर्षाच्या मुलीला असं कुणी सांगत नाही.

तुझी परवानगी असेल तरच वाचेन. दुखत असेल तर तसं सांग, मी दुसरं काही लिहीन.

धाकटी

ता.क. रसायनबाई म्हणते, मी खोलीत आले की तिला वाटतं दोघी आल्या. आधी थट्टेत म्हणायची. आता म्हणत नाही, नुसती दाराकडे बघते.


दुकान, ४ सप्टेंबर

धाकटे,

तू लिहिलंस तसंच आहे. आतोबांसाठीच. खुशाल वाच, मला काही दुखत नाही, इतकी वर्षं झाली.

निबंध वाचशील तेव्हा सावकाश वाच, तू घाईत शब्द खातेस. आणि मग हा विषय संपव.

आत्या


वसतिगृह, १९ सप्टेंबर

आत्या,

निबंध परवा वाचला. टाळ्या पडल्या. आज मी तो परत मागितला. का ते सांगते.

आज सकाळी भाषेचा तास होता. नात्याचे शब्द चालले होते. कुठे मामा आणि काका यांना एकच शब्द, कुठे मोठ्या बहिणीला वेगळा आणि लहानीला वेगळा. सर म्हणाले, नात्याचा शब्द कधी एकटा नसतो, तो दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवतो. मुलगा म्हटलं की कुणाचा तरी मुलगा. मग वर्गात प्रत्येकाला घरी काय हाक मारतात ते विचारत गेले. कुणी पिंट्या, कुणी बबडी, हसाहशी चालली होती. माझी पाळी आली. मी म्हटलं, धाकटी.

सरांनी सहज विचारलं, "आणि थोरली काय करते?"

मी सांगायला तोंड उघडलं, आत्या. खरंच उघडलं. जणू उत्तर तयार होतं. आणि मग आत काहीच नव्हतं. मी एकुलती एक आहे. सर पुढे गेले, पण नंतरच्या मुलांची नावं मला ऐकू आली नाहीत.

इतकी वर्षं मला वाटत होतं, घरात सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. पण तसं कुणी म्हणत नाही ना. एकुलत्या मुलीला बाळ म्हणतात, छकुली म्हणतात, काहीही म्हणतात. धाकटी म्हणायला आधी कुणीतरी थोरली लागते.

सर शेवटी म्हणाले, काही समाजांत मेलेल्याचं नाव घेत नाहीत. त्या नावाशी मिळताजुळता शब्दसुद्धा बोलण्यातून काढून टाकतात. सगळ्यांना ते फार दूरच्या लोकांबद्दल वाटलं. मला नाही वाटलं.

त्या खुंट्या छत्र्यांच्या नाहीत. त्या मुलांच्या उंचीच्या आहेत, आणि दोन आहेत.

बाबांना फोन केला. त्यांनी मला प्रश्न दोनदा विचारायला लावला. मग म्हणाले, "आत्याला विचार. तो हक्क तिचा आहे." आणि ठेवला.

मला बहीण होती का? मी रोज कुणाला आत सोडते? मला भीती वाटते आहे. पण न सांगितलंस तर जास्त वाटेल.

धाकटी


वसतिगृह, ४ ऑक्टोबर

आत्या,

तुझं उत्तर नाही. बाबा म्हणतात, तू दुकान लवकर बंद करतेस आणि कुणाशी बोलत नाहीस. रागावली असलीस तर तसं लिही. कोरा कागद पाठवलास तरी चालेल, पण पाठव.

धाकटी


घर, १५ ऑक्टोबर

धाकटे,

हे पत्र मी तीनदा लिहायला बसले. रागावले नाही. हात धजावत नव्हता.

तुला सख्खी बहीण नव्हती. थोरली माझी मुलगी. तिचे वडील गेले तेव्हा ती पोटात होती. मी दादाकडे आले, तिथे ती झाली, आणि काही महिन्यांनी वहिनीला तू झालीस. एका पाळण्यात दोघी वाढलात. तुझ्याहून ती बोटभर उंच आणि हातभर हट्टी. दारात यायचं तर आधी तीच. तू पुढे गेलीस तर तुला मागे ओढून, दार पुन्हा लावायला लावून, नव्याने आत जायची. घरात तेवढ्यावरून रोज रडारड. शेवटी तूच शहाणी झालीस आणि दाराला चिकटून तिला वाट द्यायला लागलीस.

चौथं लागल्यावर तिला ताप आला. मेंदूत गेला. दवाखान्यात नेली, परत आणता आली नाही. याहून जास्त मला आजही लिहिता येत नाही.

तुला कुणी काही सांगितलं नाही, पण तू जेवण सोडलंस. तिच्या ताटाशिवाय बसायची नाहीस. तिच्याशी बोलायचीस, मध्येच थांबायचीस, ऐकून हसायचीस. वहिनी घाबरून गेली. अंगावर काही राहिलं नव्हतं तुझ्या. डॉक्टर म्हणाले, त्या मुलीचं नाव घरात काढू नका, तिच्या वस्तू नजरेआड करा, हे वय विसरण्याचं आहे, नाहीतर हीही हातची जाईल. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण विसरायचं होतं ते माझं मूल.

मी हो म्हटलं. तू डोळ्यांदेखत वाळत होतीस, दुसरं काय म्हणणार? मीच फोटो काढले, कपडे बांधले, दादाने ते कुठे नेले ते मी विचारलं नाही. खुंट्या तेवढ्या भिंतीतून निघेनात. हळूहळू तू जेवायला लागलीस, शाळेत गेलीस, विसरलीस. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू? आणि त्याच वेळी तुझा इतका राग यायचा की तुझी वेणी घालताना हात आवरावा लागायचा.

आता दाराचं. ते तू घराकडून शिकली नाहीस, घर तुझ्याकडून शिकलं. ती गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी तुला घेऊन दुकानातून येत होते. दार उघडलं आणि आत पाऊल टाकणार, तर तू माझा हात मागे ओढलास. म्हणालीस, "थांब, तिला आधी जाऊ दे."

मी थांबले. तू बाजूला झालीस, कुणाला तरी जाताना बघितलंस आणि मग मला म्हणालीस, चल. त्या क्षणापुरती माझी मुलगी होती. नंतर मी एकटी असतानाही थांबायला लागले. वहिनीने बघितलं, तीही थांबली. दादा थांबला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. पुढे तू बोलायची बंद झालीस, पण बाजूला व्हायचं सोडलं नाहीस, आणि आम्ही कुणीच सोडलं नाही. नाव घ्यायला बंदी होती, वाट द्यायला नव्हती.

म्हणून मांजराचं सांगितलं, म्हणून आतोबांचं कबूल केलं. मला वाटलं, तुला कळलं तर तू थांबणं सोडशील. लाज वाटेल, नाहीतर भीती वाटेल. मग तिला आत घेणारं कोण?

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. इतकी वर्षं मी दार धरून उभी राहते, खाली उंबऱ्याकडे बघते, तिचं डोकं माझ्या मांडीपर्यंत यायचं तिथे हात धरते. मला कधी, एकदाही, कुणी आत गेलेलं जाणवलं नाही. मी तुझ्याकडे बघायची आणि तुला जाणवतंय एवढ्यावर चालवायची. तू तिकडे गेलीस आणि आता दार उघडलं की नुसती खोली दिसते. ती तुझ्यामागून निघून गेली असं मनात येतं.

तू शिकलेली आहेस. सगळं मनाचं असतं म्हणालीस तरी मी वाद घालणार नाही. फक्त खरं सांग. तू दारात थांबतेस तेव्हा तिथे कुणी असतं का?

आत्या


वसतिगृह, २८ ऑक्टोबर

आत्या,

पहिल्या दिवशी मला फक्त राग आला. तुमचा सगळ्यांचा, डॉक्टरांचा, माझा स्वतःचा. माझ्यासाठी तिला पुसलं आणि मला विचारलंसुद्धा नाही, असं वाटलं. मग वाटलं, चार वर्षांच्या पोरीला काय विचारणार? तुला माझा राग यायचा हे लिहिलंस ते बरं केलंस. वेणी घालताना तू कधी कधी थांबायचीस, ते मला आठवतं. मला वाटायचं, तुझे हात दुखतात.

बाईंना मी सगळं नाही सांगितलं. एवढंच सांगितलं की निबंधातलं उत्तर चुकीचं होतं आणि बरोबर उत्तर मी लिहिणार नाही. त्यांनी निबंध परत दिला. म्हणाल्या, या विषयात एवढं कळायला लोकांना अर्धं आयुष्य लागतं.

तुझ्या प्रश्नाला खोटं उत्तर देणार नाही. मला काही दिसत नाही. आवाज येत नाही, थंड वारा लागत नाही. मी थांबते आणि मग आत जाते, मध्ये काय होतं ते मला ठाऊक नाही. तुला लिहायला बसले आणि एवढंच लिहून थांबले होते. फार वाईट वाटत होतं, कारण तुला यापेक्षा जास्त हवं होतं.

मग मनात आलं, स्वतःला काय दिसतं हे विचारणंच चूक. आम्हाला पहिल्या महिन्यात सांगितलंय, माणूस काय करतो ते त्याला विचारू नका, बघा. मला बघणारी एक होतीच. रसायनबाईला मी यातलं अवाक्षरही सांगितलेलं नाही. तिला म्हटलं, मी दारात कशी उभी राहते त्याची नक्कल करून दाखव.

ती उठली. दार उघडलं, पाठ चौकटीला लावली, खांदा मागे घेतला. मी म्हटलं, एवढी जागा कशाला? ती म्हणाली, तू एवढीच देतेस, एक अख्खं माणूस जाईल एवढी. मग तिने मान वळवली. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. मला वाटलं होतं, ती खाली बघेल. तिने खाली बघितलं नाही. समोर बघितलं, समोरून जरा वर, आपल्याहून थोडं उंच कुणी जवळून जातं तेव्हा बघतो तसं. आणि किंचित हसली. मी विचारलं, हे हसणं तुझ्या पदरचं का? ती म्हणाली, "नाही, तू रोज हसतेस. मला वाटायचं, तुला माहीत आहे."

आत्या, मी हाडांच्या तासाची वही काढली. याच आठवड्यात हाडांच्या खोलीत आम्हाला लहान मुलाचं मांडीचं हाड दाखवलं. टोकं सुटी असतात, मूल वाढतं तोवर ती जुळत नाहीत. मूल गेलं की ती तशीच सुटी राहतात, कायमची. सर म्हणाले, यावरून वय सांगता येतं, ते जिथे थांबलं तिथे थांबलं. मी ते वहीत उतरवून घेतलंय आणि परीक्षेतही तसंच लिहीन. त्याविरुद्ध माझ्याकडे काही पुरावा नाही. फक्त माझी मान आहे, जी मला न विचारता दर वर्षी थोडी थोडी वर होत आली आहे.

तू उंबऱ्याकडे बघत राहिलीस. मांडीशी हात धरून चार वर्षांच्या मुलीची वाट बघितलीस, आणि ती आली नाही असं मानलंस. मला वाटतं, तिचं डोकं दर वेळी तुझ्या हाताच्या बरंच वरून गेलं असेल.

तिचं नाव मला आठवत नाही. पत्रात लिहू नकोस, समोर सांग. बाबांच्या देखत, मोठ्याने.

सुट्टी लागली की आम्ही निघतो. दार तूच उघड आणि खाली बघू नकोस. ती तुझ्याहून उंच आहे.

धाकटी